कुलाब्याची सुई आणि भाचीचे डोहाळे

हाटपिपल्याला भाचीच्या घरी पोचलो तेव्हा ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर उभी होती आणि आत पाऊल टाकत नव्हती. ओट्यावर इंडक्शनची काळी काच, तिच्यावर चहाचं पातेलं, आणि चहा उतू जायच्या बेतात. "मामा, तेवढं बंद करा ना," ती म्हणाली. मी बंद केलं, चहा गाळला आणि मग विचारलं, काय झालं? तिला नववा आठवडा लागला होता. कुणीतरी मोबाइलवर काहीतरी पाठवलं होतं की विजेच्या वस्तूंभोवती चुंबक असतो आणि सुरुवातीच्या महिन्यांत तो बाधतो. तेव्हापासून इंडक्शन, मिक्सर, इस्त्री, सगळं सासूबाईंकडे.

हाटपिपल्या हे देवास जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव. एका अंगाला सोनकच्छ, दुसऱ्या अंगाला बागली, आणि चहूकडे सोयाबीन-गव्हाची काळी शेतं. देवासच्या पवार सरदारांबरोबर माळव्यात आलेली मराठी घरं या भागात अजून टिकून आहेत. घरात मराठी, बाहेरच्या ओट्यावर बसलं की माळवी, दुकानात हिंदी. आजेसासूबाई नव्वदीच्या घरात. गरोदर बाईनं ग्रहणात सुरी हातात धरू नये, काही चिरू नये, हे त्यांनी तीन पिढ्यांना पाळायला लावलेलं. नातसुनेची ही नवी भीती ऐकून त्यांनी समाधानानं मान डोलावली. "म्हणजे तुमचंही ग्रहणच की!"

मला हसू आलं खरं, पण ही भीती ग्रहणाच्या पंक्तीत बसवून मोकळं होता येत नाही. तिच्यामागे खरी मोजणी आहे, खरे आकडे आहेत, आणि त्या आकड्यांवर वीस वर्षं चाललेलं एक शहाणं भांडण आहे.

भाचीनं स्वतःही मोजणी केली होती. मोबाइलवर चुंबक मोजायचं एक अॅप उतरवून ती घरभर फिरली होती. "हे बघा, खाटेवर ४५. अंगणात ४५. शेतात जाऊन आले, तिथं ४५. मामा, देवघरातसुद्धा ४५!" चुंबक नसलेली एक जागा तिला हवी होती आणि ती सापडत नव्हती.

सापडणारच नव्हती. ते ४५ इंडक्शनचे नव्हते, पृथ्वीचे होते. आपल्या पायांखाली सुमारे २,९०० किलोमीटरवर वितळलेल्या लोखंडाचा समुद्र आहे. तो सतत घुसळला जातो, आणि त्या घुसळण्यातून जे चुंबकक्षेत्र तयार होतं ते माळव्यात साधारण ४५ मायक्रोटेस्ला भरतं. मायक्रोटेस्ला म्हणजे टेस्लाचा दहा लाखावा भाग. होकायंत्राची सुई फिरवायला ते ४५ पुरतात. आजेसासूबाई याच पंचेचाळिसात पोटात वाढल्या, त्यांच्या आजेसासूबाईही, आणि थोड्याफार फरकानं आजवर जन्मलेला प्रत्येक जीव.

हाटपिपल्याच्या काळ्या मातीखाली जो काळा दगड आहे, त्यालाही हा चुंबक ठाऊक आहे. तो दख्खनच्या लाव्ह्याचा बसाल्ट, साधारण ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचा. लाव्हा निवताना त्यातल्या लोहखनिजाच्या कणांनी त्या वेळची उत्तर दिशा आपल्या अंगात गोठवून ठेवली. १९५० च्या दशकात लंडनहून आलेल्या क्लेग, डॉइच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आणि पुढे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत राधाकृष्णमूर्ती आणि सहस्रबुद्धे यांनी दख्खनच्या दगडांतली ही गोठलेली दिशा वाचली. त्यातून निघालं ते थक्क करणारं होतं. लाव्हा वाहत होता तेव्हा भारत विषुववृत्ताच्या दक्षिणेला होता. आणि बऱ्याच थरांतली दिशा चक्क उलटी होती, म्हणजे त्या काळात होकायंत्र असतं तर त्याची सुई दक्षिणेकडे वळली असती. भाची ज्या पायरीवर बसून पोहे खाते, त्या पायरीच्या दगडात असं काही लिहिलेलं असू शकतं. पण हे मी तिला लगेच सांगितलं नाही. तिला उत्तर हवं होतं इंडक्शनचं.

मोबाइलला विजेचा चुंबक दिसत का नाही, तर त्यातली चिमुकली चकती होकायंत्रासाठी केलेली आहे. तिला स्थिर चुंबक कळतो. आपल्या घरातली वीज सेकंदाला ५० वेळा पुढे-मागे झुलते, आणि तिच्याबरोबर तारेभोवतीचा चुंबकही ५० वेळा इकडे, ५० वेळा तिकडे. झोपाळ्याचा धुरकट फोटो काढला तर पोरगी मधोमध बसलेली दिसावी, तसं ते अॅप. मधोमध पृथ्वीचे ४५ दिसतात आणि झोका पुसून जातो. अशी अॅपं बघून घाबरलेली बरीच माणसं मला भेटली आहेत, आणि त्यांतली बहुतेक पृथ्वीलाच घाबरलेली होती.

पण मग प्रश्न पडतोच. घरातला विजेचा चुंबक साधारण ०.०१ ते ०.२ मायक्रोटेस्ला, म्हणजे पृथ्वीच्या पासंगालाही पुरत नाही. मग त्याची भीती कशाला? कारण तो झुलतो. मायकेल फॅरडेनं १८३१ साली दाखवलं की स्थिर चुंबक तारेत वीज निर्माण करत नाही, बदलता चुंबक करतो. शरीरही खारट पाण्याची वाहक पिशवीच आहे, त्यामुळे तिच्यातही तो सूक्ष्म प्रवाह उठवतो. आणि विजेचं विद्युतक्षेत्र भिंतीनं, झाडानं, कातडीनं अडतं तसा चुंबक अडत नाही. तो विटांतून जातो, आईतून जातो, आणि पोटात मसुरीएवढ्या असलेल्या, नुकतंच हृदय ठोकायला लागलेल्या जिवातूनही जातो. कल्पना केली तर अंगावर शहारा येतो, हे खरं.

इथं मी भाचीला फुगडीची आठवण करून दिली. मंगळागौरीला ती जोरकस फुगडी घालायची. सेकंदाला एक गिरकी असं धरा. पृथ्वीचा चुंबक जागच्या जागी आहे, पण तुम्ही त्यात गरागरा फिरता, म्हणजे तुमच्या अंगाच्या हिशेबानं तोच फिरतो. माळव्यात त्याचा आडवा भाग ३७-३८ मायक्रोटेस्ला. तो सेकंदाला एकदा फिरला तर अंगात जेवढी वीज उठेल, तेवढी ५० आवर्तनांच्या घरगुती चुंबकानं उठवायची तर तो सुमारे पाऊण मायक्रोटेस्ला असावा लागेल. घरातल्या नेहमीच्या पातळीहून कितीतरी जास्त. "म्हणजे फुगडी घालताना मी मिक्सर होते?" तिनं विचारलं. साधारण तसंच.

एवढ्यावर विषय संपला असता. पण कॅलिफोर्नियातल्या एका यंत्रामुळे तो संपत नाही, आणि त्या यंत्राकडे जायची वाट मला नेहमी मुंबईवरून दिसते.

कुलाब्याला ईस्ट इंडिया कंपनीची वेधशाळा १८२६ साली उभी राहिली, आणि १८४० च्या दशकापासून तिथं पृथ्वीच्या चुंबकाची नोंद होऊ लागली. टांगलेला चुंबक, त्याची बारीकशी हालचाल डोळ्यानं वाचणारा आणि वहीत आकडा लिहिणारा माणूस. १ सप्टेंबर १८५९ ला इंग्लंडात रिचर्ड कॅरिंग्टन यांनी सूर्यावर एक लखलखाट पाहिला. एक दिवसही उलटला नाही तोच सूर्यानं फेकलेला तो झंझावात पृथ्वीवर आदळला. युरोप-अमेरिकेत तारखात्याच्या यंत्रांतून ठिणग्या उडाल्या, काही ठिकाणी बॅटरी काढून टाकल्यावरही तारा चालल्या. आणि कुलाब्याच्या वहीत चुंबकाचा आडवा भाग धाडकन कोसळलेला टिपला गेला. ती वही नवी मुंबईच्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेत जपलेली राहिली. २००३ साली ब्रूस त्सुरुतानी, गुरबक्ष लखिना आणि सहकाऱ्यांनी ते आकडे पुन्हा जगापुढे मांडले. घसरण सुमारे १,६०० नॅनोटेस्ला. विषुववृत्तालगतच्या भागात नोंदलेलं हे सर्वांत प्रचंड चुंबकी वादळ मानलं जातं.

१,६०० नॅनोटेस्ला म्हणजे १.६ मायक्रोटेस्ला. हा आकडा लक्षात ठेवा.

त्यानंतर चाळीसेक वर्षांनी कुलाब्याच्या सुईवर वेगळंच संकट आलं. १९०० साली मुंबईच्या घोड्यांच्या ट्रामऐवजी विजेच्या ट्राम आणायचं ठरलं. ट्रामची वीज रुळांतून परत फिरणार, थोडी जमिनीत झिरपणार, आणि तिचा चुंबक त्या नाजूक सुयांना भंडावून सोडणार. वेधशाळेचे पहिले भारतीय प्रमुख नानाभॉय अर्देशीर फ्रामजी मूस यांनी खाडीपलीकडे अलिबागला जागा शोधली. पोरबंदरचा चुंबक नसलेला वालुकाश्म आणून, लोखंड टाळून तिथं इमारती बांधल्या. १९०४ पासून दोन वर्षं कुलाबा आणि अलिबाग, दोन्हीकडे एकाच वेळी मोजणी केली, म्हणजे जुन्या नोंदींचं नव्याशी नातं तुटू नये. मग मे १९०७ मध्ये मुंबईत विजेची ट्राम धावली, तेव्हा सुई सुखरूप समुद्रापार होती. घरात कामाचा गलबला वाढला की गरोदर लेकीला माहेरी न्यावं, तसं. रोजच्या विजेच्या चुंबकापासून लांब गेलेलं आपल्याकडचं पहिलं गिऱ्हाईक ही सुईच म्हणायची, आणि तिचं बाळंतपण अलिबागला अजून चालू आहे.

आता कॅलिफोर्निया. सॅन फ्रान्सिस्कोत कैसर पर्मनंटे या आरोग्यसंस्थेत डी-कुन ली आणि सहकाऱ्यांनी नुकत्याच गरोदर राहिलेल्या ९६९ बायकांच्या कमरेला चोवीस तासांसाठी एक छोटं यंत्र बांधलं. मोबाइलसारखं भोळं नव्हे, तर खास झुलता चुंबक पकडणारं, दर थोड्या सेकंदांनी आकडा नोंदणारं. मग कुणाचा गर्भ टिकला आणि कुणाचा गेला, हे पाहिलं. २००२ साली निकाल आला. दिवसभराची सरासरी काढली तर काहीच दिसत नव्हतं. पण दिवसातला सर्वांत मोठा एकच झटका पाहिला, तर ज्यांचा तो ठरावीक आकड्याच्या वर गेला होता त्यांच्यात गर्भपाताचं प्रमाण सुमारे १.८ पट. आणि तो आकडा कोणता? १.६ मायक्रोटेस्ला.

पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी उठून कपाटातून कुलाब्यावरचा लेख पुन्हा काढला होता. १८५९ च्या त्या सौरवादळाची उंची आणि कॅलिफोर्नियातल्या त्या यंत्राची लक्ष्मणरेषा, दोन्ही १.६. हा निव्वळ योगायोग आहे, हे मला ठाऊक आहे. एक तासातासानं हलणारं वादळ, दुसरा सेकंदाला ५०-६० वेळा थरथरणारा झटका. पण त्यातून मापाची जाणीव होते. अख्खी पृथ्वी हलवणाऱ्या वादळानं जेवढा फरक केला, तेवढ्याच मापाचा थरकाप तुमच्या मिक्सरला हाताच्या अंतरावर जमतो. आणि त्या अभ्यासातल्या बहुसंख्य बायकांनी त्या एका दिवसात १.६ ओलांडलंच होतं. ज्यांनी ओलांडलं नव्हतं त्याच थोड्या होत्या, आणि लक्ष देण्यासारख्या त्याच होत्या.

दिवसभरात एकदाही विजेच्या वस्तूपाशी न जाणारी बाई कोण? घरात पडून राहणारी. आणि गरोदरपणाच्या सुरुवातीला बाई घरात का पडून राहते? इथं डेव्हिड सॅविट्झ या साथरोगतज्ज्ञानं एक बोट ठेवलं. आपल्या आज्यांना ते ऐकून नवल वाटलं नसतं. त्यांचा मुद्दा डोहाळ्यांचा होता.

डोहाळे कडक असतील तर बाईला उलट्या होतात, वास सहन होत नाही, ओट्यापाशी उभं राहवत नाही. ती खाटेवर असते. तिच्या कमरेच्या यंत्राला मिक्सर भेटत नाही, दुकानाचं फाटक भेटत नाही, ट्रेन भेटत नाही. आणि कडक डोहाळे हे बऱ्याचदा गर्भ नीट रुजल्याचं लक्षण असतं. २०१६ मध्ये अमेरिकेतल्याच एका अभ्यासात, आधी एक-दोनदा गर्भ गेलेल्या बायकांत ज्यांना मळमळ-उलट्या होत्या त्यांच्यात पुन्हा गर्भ जाण्याचं प्रमाण ५० ते ७५ टक्क्यांनी कमी दिसलं. उलट, ज्या गर्भाची वाढ आतच थांबलेली असते त्याच्या आईला कधी कधी काहीच त्रास होत नाही. ती ठणठणीत हिंडते, फिरते, यंत्रावर झटके नोंदवते. मग काही आठवड्यांनी वाईट बातमी कळते, आणि कागदावर झटका आधी, गर्भपात नंतर, असा क्रम लागतो. म्हणजे कमरेचं यंत्र चुंबक मोजत होतं की डोहाळे? सॅविट्झ आणि सहकाऱ्यांनी २००६ साली १०० गरोदर बायकांची हालचाल आणि चुंबक एकाच वेळी मोजून पाहिला. जास्त हिंडणाऱ्या बायकांना मोठे झटके जास्त भेटत होते.

मला हा युक्तिवाद विज्ञानातल्या सुंदर युक्तिवादांपैकी एक वाटतो. कारण तो एक गोष्ट दुसरीच्या मागे लपलेली दाखवतो, आणि ती दुसरी गोष्ट महागड्या यंत्रात सापडत नाही, सासुरवाशिणीच्या खाटेवर सापडते.

पण लीही कच्चे नव्हते. त्यांनी उत्तर दिलं की मळमळ-उलट्यांचा हिशेब आम्ही केला होता. शिवाय ज्या बायकांचा तो दिवस नेहमीसारखा होता, त्यांच्यापुरतं पाहिलं तर संबंध ढिला पडत नाही, उलट घट्ट होतो. २०१७ मध्ये त्यांनी ९१३ बायकांचा दुसरा अभ्यास प्रसिद्ध केला. सर्वांत कमी चुंबक भेटलेल्या गटात गर्भपात १०.४ टक्के, बाकीच्यांत २४.२ टक्के. वय, शिक्षण, मळमळ वगैरेंचा हिशेब करून जोखीम २.७२ पट. आकडा छोटा नाही.

मग दुसऱ्या पारड्यात काय आहे? १९८० च्या दशकात संगणकाच्या पडद्यांसमोर बसणाऱ्या बायकांमध्ये अशीच भीती उठली होती. अमेरिकेच्या आग्नेयेकडच्या टेलिफोन ऑपरेटर बायकांचा अभ्यास झाला. काही पडद्यासमोर बसत, काही तेच काम पडद्याविना करत. १९९१ साली निकाल आला: पडदेवाल्यांत गर्भपात १४.८ टक्के, बिनपडद्यावाल्यांत १५.९. फरक नाही. एमआरआयच्या बोगद्यात तर चुंबक दीड टेस्लाचा, पृथ्वीच्या ३३ हजार पट, जोडीला बदलता चुंबकही. कॅनडाच्या ऑन्टॅरिओ प्रांतात पहिल्या तिमाहीत एमआरआय झालेल्या १,७३७ गरोदरपणांची नोंद २०१६ मध्ये तपासली, तेव्हा पुढे टिकलेल्या त्या गरोदरपणांत मृत जन्माचं किंवा जन्मजात दोषाचं प्रमाण लक्षणीय वाढलेलं दिसलं नाही. (अगदी सुरुवातीच्या गर्भपातांबद्दल हा अभ्यास बोलत नाही. तो २० आठवड्यांपुढे पोचलेल्यांचा आहे.) जागतिक आरोग्य संघटनेनं २००७ मध्ये सगळं चाळून गर्भपाताबाबतचा पुरावा अपुरा ठरवला. त्याआधी, २००२ मध्ये, तिच्याच कर्करोग संशोधन संस्थेनं या चुंबकाला मुलांतल्या रक्ताच्या कर्करोगाच्या संदर्भात 'शक्यता आहे' असा शेरा दिला होता, तोही घरात सतत ०.३-०.४ च्या वर असलेल्या मोजक्या घरांकडे बघून.

आणि अंड्यांची गोष्ट सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. १९८२ साली माद्रिदच्या होजे डेलगाडोंनी सांगितलं की कमकुवत झुलत्या चुंबकात ठेवलेल्या कोंबडीच्या अंड्यांत गर्भ वाकडेतिकडे वाढतात. हेच ते डेलगाडो, ज्यांनी १९६३ मध्ये कॉर्दोव्हाच्या रिंगणात डोक्यात तार बसवलेल्या वळूला रेडिओचं बटण दाबून धावता धावता थांबवलं होतं. त्यामुळे अर्ध्या जगाचा त्यांच्यावर विश्वास नव्हता आणि उरलेल्या अर्ध्याचा जरा जास्तच होता. मग उत्तर अमेरिका आणि युरोपातल्या सहा प्रयोगशाळांत सारखीच यंत्रं, सारखीच पद्धत आणि कोंबडीची अंडी देऊन एकच प्रयोग लावला, एक मायक्रोटेस्लाच्या ठोक्यांचा. निकाल १९९० मध्ये. सहापैकी पाच ठिकाणी चुंबकातली अंडी थोडी जास्त बिघडली. त्यातल्या दोनच ठिकाणी फरक ठसठशीत होता. सगळे आकडे एकत्र केले तर फरक दिसतो, वेगवेगळे पाहिले तर चार ठिकाणी हातातून निसटतो. आता सांगा, हो की नाही? गेली तीस-चाळीस वर्षं या विषयाचा स्वभाव असाच आहे. दार ठोठावल्याचा आवाज येतो, उघडलं तर कुणी नसतं, आणि लावलं की पुन्हा ठकठक.

"मग मी काय करू?" भाचीनं विचारलं. अंड्यांचा तिला कंटाळा आला होता.

तिला घरभर फिरवलं. चुंबकाची एक खोड फार सोयीची आहे. अंतर वाढलं की तो झपाट्यानं ढासळतो. जागतिक आरोग्य संघटनेनं छापलेल्या तक्त्यात इस्त्रीचं उदाहरण बघण्यासारखं आहे. इस्त्रीपासून ३ सेंटीमीटरवर ८ ते ३० मायक्रोटेस्ला, एक वितीहून थोडं लांब, ३० सेंटीमीटरवर ०.१२ ते ०.३, आणि एक मीटरवर ०.०१ ते ०.०३. हेअर ड्रायर कानाला लावला तर ६ ते २,००० पर्यंत काहीही, हात लांब केला की ७ च्या आत. जुन्या ट्यूबलाइटच्या चोकपाशी ४० ते ४००, पण ट्यूब भिंतीच्या माथ्यावर असते. आणि वायरीतल्या तारा? जाणारी आणि येणारी वायर एकमेकींच्या गळ्यात गळे घालून चालली की त्यांचे चुंबक एकमेकांना पुसून टाकतात. म्हणून इस्त्रीची वायर मांडीवर पडली तरी तिच्यापेक्षा इस्त्रीतली तापणारी कॉइलच मोजण्याजोगी. खांबावरच्या उघड्या तारा एकमेकींपासून दूर असतात, तिथं हे पुसणं नीट होत नाही, पण त्या असतातही लांब. विजेच्या मोठ्या मनोऱ्याच्या अगदी खाली वीसेक मायक्रोटेस्ला मिळू शकतात. बरंच लांब गेलं की घराएवढेच.

इंडक्शनचं थोडं वेगळं आहे. त्याची कॉइल सेकंदाला वीस हजारांहून जास्त वेळा झुलते. त्या झुलण्यानं पातेल्याच्या बुडात प्रवाह उठतो आणि पातेलं स्वतःच तापतं. चहा उकळतो आणि बाजूची काच जेमतेम कोमट राहते, हा मला अजूनही चमत्कारच वाटतो. मोजायचं प्रमाण अंतर ३० सेंटीमीटर ठरलेलं आहे, पण पोटुशी बाई ओट्याला खेटून उभी राहते. स्वित्झर्लंडमधल्या, २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या मोजणीत तेवढ्या जवळ काही शेगड्या ठरलेल्या मर्यादेच्या वर गेल्या होत्या. पातेलं कॉइलवर मधोमध आणि तिच्याएवढ्याच बुडाचं ठेवलं की चुंबक पातेल्यातच मुरतो. छोटं भांडं कडेला ठेवलं की बाहेर सांडतो. भाचीचं चहाचं पातेलं होतं वाटीएवढं, आणि कडेला. मी ते उतरवून मोठं ठेवलं, आणि तिला म्हटलं, ओट्यापासून एक पाऊल मागे उभी राहा, बस्स.

सासूबाईंनी विचारलं, हाटपिपल्यात कुणाचा गर्भ टिकला नाही तर लोक म्हणतात वजन उचललं असेल, बाहेरचं खाल्लं असेल, आता हे चुंबकाचंही त्यात घालायचं का? मी म्हटलं, घालू नका. ओळखू आलेल्या दर शंभर गरोदरपणांत दहा ते वीस पहिल्या काही महिन्यांत संपतात, आणि त्यांतल्या निम्म्यांच्या आसपास गुणसूत्रांची गाठ सुरुवातीलाच चुकलेली असते. कुणाच्या मिक्सरनं नव्हे. त्यापेक्षा चुलीचा धूर, अंगात रक्त कमी असणं आणि फॉलिक अॅसिडची गोळी चुकणं, यांच्याकडे बघा. त्यांनी गोळ्यांची पट्टी फ्रीजवरून काढली आणि मोजली. दोन जास्त निघाल्या. भाचीनं नजर चुकवली.

"म्हणजे ग्रहण नाही?" आजेसासूबाईंनी कोपऱ्यातून विचारलं. मी म्हटलं, आजी, ग्रहणाचं काही मोजताच येत नाही, याचं मोजलंय, आणि मोजून हे असं आहे. त्यांना ते उत्तर फारसं आवडलं नाही. मलाही पुरतं आवडलं नव्हतं.

संध्याकाळी जेवायला बसलो होतो, आणि लाइट गेली. पंखा गिरक्या घेत घेत मंदावला, फ्रीजची घरघर थांबली, शेजारच्या विहिरीवरची मोटर बंद पडली, आणि गल्लीत एकदम कुत्र्यांचं भुंकणं स्पष्ट ऐकू यायला लागलं. घरातले, गल्लीतले, खांबांवरचे ५० आवर्तनांचे सगळे चुंबक एकाच क्षणी विझले होते. अंधारात भाचीच्या हातातल्या मोबाइलचा उजेड तेवढा उरला.

"मामा," ती म्हणाली, "अजून ४५च आहे."

आजेसासूबाईंनी मेणबत्ती मागितली.